गिअरबॉक्सचं 'आजीवन' ऑइल: बदलायचं की हात लावायचा नाही?

तेलकट (धागाकर्ता)
गाडी ९ वर्षांची, १,१२,००० किमी झालेली, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. पुस्तिकेत गिअरबॉक्स ऑइलपुढे लिहिलंय, 'बदलण्याची गरज नाही'. सर्व्हिस सेंटरवालेही तेच घोकतात. मला पटत नाही. हे तेल नुसतं वंगण नाही. त्याच्याच दाबाने क्लच आवळले जातात, टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनचा जोर पुढे तेच पोचवतं, आतली उष्णता कूलरपर्यंत तेच वाहून नेतं. क्लच प्लेटींनी किती घसरावं आणि कधी घट्ट पकडावं हेसुद्धा त्यातल्या रसायनांवर ठरतं. एवढी हमाली करणारं तेल इंजिन ऑइलसारखं म्हातारं होत नाही? आजीवन म्हणजे नक्की कुणाचं जीवन? गाडीचं, तेलाचं की वॉरंटीचं?
मी बदलणार आहे. विरोध असेल त्यांनी कारणासकट लिहा.

हळूचालक
चालत्या गाडीला खीळ घालू नका, एवढंच सांगतो. आमच्या आधीच्या गाडीचं १,६०,००० ला पहिल्यांदा ऑइल बदललं. पंधरा दिवसांत दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना स्लिप व्हायला लागली, दोन महिन्यांत रिव्हर्स गेला. त्याआधी गाडी ठणठणीत होती.

नटबोल्ट
कावळा बसायला आणि फांदी तुटायला. ठणठणीत होती तर १,६०,००० ला अचानक ऑइल बदलायची बुद्धी का झाली?

हळूचालक
डीमध्ये टाकताना जरा झटका मारायची. पण चालत होती ना!

नटबोल्ट
झालं तर मग. म्हणजे आजार आधीचा. दहापैकी आठ जणांची गोष्ट अशीच असते. इतकी वर्षं कुणी ढुंकून बघत नाही, झटके सुरू झाले की ऑइल बदलतात आणि मग नव्या ऑइलच्या नावाने खडे फोडतात.
पण तुमच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. क्लच प्लेटींवरचं अस्तर झिजून त्याची भुकटी जुन्या तेलात फिरत असते. अस्तर संपत आलेली गाडी त्या गढूळ तेलावर कशीबशी तग धरते, असं जुने मिस्त्री सांगतात. मला ते पूर्ण पटत नाही, पण एक नक्की: संपलेलं अस्तर ताज्या तेलाने परत येत नाही. तेव्हा तेल बदलणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

शंकासुर
धागाकर्त्याशी असहमत, आणि भीतीपोटी नाही. इंजिन ऑइलशी तुलनाच चुकीची आहे. इंजिनात इंधन जळतं, काजळी होते, कच्चं इंधन तेलात उतरतं. गिअरबॉक्स ही बंद पेटी आहे, तिथे यातलं काहीच नाही. शिवाय आताचं तेल सिंथेटिक, खूप टिकाऊ.
मला जुन्या तेलापेक्षा ते बदलणाऱ्या हातांची जास्त धास्ती वाटते. डेक्सरॉन, मर्कॉन, टोयोटाचं डब्ल्यूएस, रंग लाल म्हणून सगळी एकच नव्हेत. दाटपणा वेगळा, घर्षणाचा स्वभाव वेगळा. टोयोटाच्या जुन्या टी-फोरपेक्षा डब्ल्यूएस पातळ आहे, डबे शेजारी ठेवले तरी कळणार नाही. 'सगळ्या गाड्यांना चालतं' म्हणून पिंपातलं तेल ओतणारे मी पाहिलेत. चुकीचं नवं तेल घालण्यापेक्षा बरोबर असलेलं जुनं बरं.

तेलकट
मग झेडएफचं काय? सहा आणि आठ गिअरचे त्यांचे गिअरबॉक्स कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत आहेत. काही कार कंपन्या त्यांतल्याच तेलाला 'आजीवन' म्हणतात, आणि गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र सांगते की वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी बदला. ज्याने पोर जन्माला घातलं त्याचं ऐकायचं की शाळेतल्या शिपायाचं?

शंकासुर
झेडएफ तेलाचे डबेही विकते, हे सोयीस्कर विसरलात.

नटबोल्ट
आणि कार कंपनी नव्या गाड्या विकते. धंदा दोघांचाही आहे.
बंद पेटीचा मुद्दा अर्धाच खरा. काजळी नाही, पण उष्णता आहे आणि अस्तराची भुकटी आहे. साधा ठोकताळा असा की तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की तेल ऑक्सिडाइज होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. सपाट हायवेवर ८० अंशांच्या आसपास चालणारा गिअरबॉक्स आणि घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये ११० ला पोचणारा, दोघांचे किलोमीटर सारखे असले तरी तेलाचं वय सारखं कसं असेल? बऱ्याच पुस्तिकांत 'खडतर वापर' म्हणून वेगळा तक्ता असतो, त्यात घाट, मागे ट्रेलर ओढणं, थांबत-चालत वाहतूक येते. तो तक्ता वाचला की 'आजीवन' वाले थोडे गप्प होतात.

गियरबदलू
माझी सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) आहे. हेच लागू का?

नटबोल्ट
तत्त्व तेच, तेल नाही. सीव्हीटीला सीव्हीटीचंच तेल. आणि फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या, तेलात बुडालेल्या (ओल्या) क्लचच्या डीएसजीत, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये, तर कंपनीच ६०,००० किमीला बदला म्हणते, तिथे वादच नाही.

पावकी_निमकी
कुणी आकडेमोड केलीच नाही, म्हणून करतो. ड्रेन नट काढल्यावर सगळं तेल पडत नाही. टॉर्क कन्व्हर्टर, कूलर, व्हॉल्व बॉडी (तेल कुठल्या क्लचकडे जाईल हे ठरवणारा भाग) यांत बरंच अडकून राहतं. एकूण १० लिटर आणि पडतं ४ असं धरा. पहिल्या फेरीनंतर नवं तेल ४० टक्के, दुसरीनंतर ६४, तिसरीनंतर ७८.४. पहिल्या फेरीनंतर ६० टक्के जुनंच उरतं. तेव्हा एका फेरीत गाडी मरते म्हणणारे आणि एका फेरीत तरुण होते म्हणणारे, दोघांनीही जरा दमाने घ्यावं.

तेलकट
मग मशीनने फ्लश का नको? एकदम सगळं स्वच्छ.

नटबोल्ट
नको. नियमित बदललेल्या गिअरबॉक्सला चालेल. इतकी वर्षं हात न लावलेल्यात बसलेला गाळ सुटून व्हॉल्व बॉडीच्या बारीक वाटांत अडकण्याचा धोका असतो. शिवाय खालचं तेलाचं चेंबर न उघडता नुसता फ्लश मारला तर फिल्टर जुनाच राहतो. दोन-तीन फेऱ्या, मध्ये काही हजार किलोमीटर. कंटाळवाणं आहे, पण तसंच करा.

शंकासुर
फ्लशच्या बाबतीत नटबोल्टशी सहमत व्हावं लागतंय, हे दुःख वेगळंच.
रच्याकने, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात स्पर्म व्हेल माशापासून काढलेलं तेल घालत, क्लच मऊ लागावेत म्हणून. (मासा म्हणालो, सस्तन प्राणी आहे, कृपया त्यावर वेगळा धागा नको.) बंदी आल्यावर कंपन्यांना नवी रसायनं शोधावी लागली.

हळूचालक
बरं, माझा प्रश्न वेगळाय. आत्ताची गाडी सेकंडहँड घेतलीय, १,४०,०००, आधी तेल बदललंय की नाही देव जाणे. झटका नाही, काही नाही. तुमच्या न्यायाने आता काय?

नटबोल्ट
आधी थोडंसं काढून बघा. रंगावर फार जाऊ नका, काही तेलं लवकर काळवंडतात. वास घ्या. जळका वास आला, बोटांवर चमचमणारे कण दिसले तर तेल सोडा, गिअरबॉक्सचं बघा. दुधट गुलाबी दिसलं तर कूलरमधून पाणी शिरतंय. वास ठीक असेल तर एक फेरी करा.

हळूचालक
मी वास घेईन. बदलणार नाही.

तेलकट
करून आलो. मिस्त्रीने आधी भरायचा नट सैल केला, मग ड्रेन नट काढला. मी विचारलं असं का, तर म्हणाला वरचा जाम निघाला आणि खालून तेल सोडून बसलो तर गाडी इथेच राहील. माणूस आवडला. तेल विटकरी-काळं, वास ठीक. चेंबरमधल्या लोहचुंबकांवर राखाडी लोण्यासारखा थर, कपच्या नाहीत. फिल्टर बदलला. मापून ३.९ लिटर निघालं, मापून ३.९ भरलं. गाडी चालवून बघितली. खरं सांगतो, फरक काही जाणवला नाही.

हळूचालक
हेच तर म्हणत होतो.

नटबोल्ट
फरक जाणवला नाही म्हणजेच वेळेत बदललं.

शंकासुर
निघालं तेवढंच भरलं, ठीक. पण ९ वर्षांत एखाद्या सीलमधून थेंबथेंब गेलं नसेल कशावरून? ३.९ लिटर निघालं म्हणजे लेव्हल बरोबर होती असं कुठे आहे? कमी असलं तर पंप हवा ओढतो, जास्त झालं तर फेस होतो. तुमच्या गाडीला डिपस्टिक आहे?

तेलकट
नाही. बाजूला लेव्हलचा नट आहे.

शंकासुर
मग इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून, पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला, बहुतेक ४० अंशांच्या आसपास असेल, तो नट काढून बघितला का? धार थांबून थेंब पडायला लागले की लेव्हल बरोबर.

तेलकट
गार गाडीवरच भरलं. उद्या परत रॅम्पवर चढवतो.