आईच्या समोरच्या दाताची कॅप उन्हात वेगळीच दिसते, दाताचा खरा रंग मोजतात तरी कसा?

मनीषनगरवाला:
नमस्कार मंडळी. आई (वय ५८) मागच्या महिन्यात बाथरूममध्ये पडली आणि वरचा समोरचा दात अर्धा तुटला, रूट कॅनल झालं, मग सिरॅमिकची कॅप बसवली. दवाखान्यात ट्यूबलाइटखाली पाहिलं तर एकदम बरोबर वाटलं, आई पण खूश. घरी येऊन गॅलरीत उन्हात पाहतो तर बाजूचे दात पिवळसर आणि हा एकटा खडूसारखा पांढरा. तेव्हापासून आई बोलताना तोंडावर पदर धरून राहिली, पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे आणि फोटोचं नाव काढलं की उठूनच जाते, फार वाईट वाटते. शेड, म्हणजे जुळवायचा रंग, घेतली तेव्हा कॅपसाठी दात घासून बारीक करून झाला होता, आई पाऊण तास तोंड उघडून बसली होती, मग ती नमुन्यांची पट्टी एकदा लावली आणि ए१ लिहून दिलं. कॅप सध्या टेम्पररी सिमेंटने बसवली आहे. दाताचा मूळ रंग मोजायची पक्की पद्धत असते का नुसता नजरेचा अंदाज? मशीन वगैरे येते का?

लॅबवाला_महाल:
भाऊ, मी डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकचं काम करतो. तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे, पाऊण तास तोंड उघडं. दात सुकला की पांढरा दिसतो. ओल्या इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कवचातून, प्रकाश आत जातो आणि त्याखालच्या थराचा, डेंटिनचा, पिवळेपणा वर दिसतो, पाणी उडालं की प्रकाश वरच्यावरच पसरतो, आणि लाळेने परत मूळ रंगावर यायला अर्धा तासही लागू शकतो. म्हणून शेड सगळ्यात आधी घ्यायची, खुर्चीत बसल्या बसल्या, इंजेक्शनच्याही आधी.

ती पट्टी म्हणजे विटा या जर्मन कंपनीची शेड गाइड, १९५६ पासून चालत आलेली, १६ नमुने. ए म्हणजे लालसर तपकिरी, बी लालसर पिवळा, सी राखाडी, डी लालसर राखाडी, आणि आकडा वाढला की रंग गडद. वयाने इनॅमल झिजते, आतून डेंटिन वाढते, त्यामुळे ५८ व्या वर्षी ए१ म्हटलं की मी तरी परत फोन करून विचारतो. माझ्याकडे त्या वयाचे जास्त करून ए३, ए३.५ च येतात. अन् एक दात म्हणजे एक रंग नसतोच, हिरडीजवळ पिवळा, खालच्या कडेला निळसर, काचेसारखा. नुसती "ए२" लिहिलेली चिठ्ठी आली की काम करायला मन धजत नाही, सोबत फोटो पाहिजे, नमुना दाताच्या कडेला कड लावून धरलेला आणि त्यावरचा नंबर दिसेल असा.

एक चांगलं आहे, पांढरी झालेली कॅप बहुतेक वेळा वाचते. नीट साफ करून, हळूहळू सुकवून, स्टेन म्हणजे सिरॅमिकचा रंग लावून परत भट्टीत घातली की गडद होते. उलटं मात्र होत नाही, गडद झालेली उजळत नाही. पक्कं सिमेंट लावू देऊ नका!

डेंटिस्ट_धरमपेठ:
लॅबवाल्या भाऊंशी सहमत. बर्डीवर मॅचिंगच्या दुकानात ब्लाउजपीस घेताना बायका कापड दाराबाहेर उजेडात नेऊन पाहतात ना, अगदी तेच, ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडतात. मी पेशंटला खिडकीजवळ बसवते, लिपस्टिक पुसायला लावते, भडक ओढणी असेल तर राखाडी कापडाने झाकते. नमुना पाच-सात सेकंदच पाहायचा, जास्त टक लावली की डोळा थकतो आणि सगळेच रंग सारखे वाटायला लागतात. सुळा नेहमी जास्त पिवळा असतो, त्याच्याशी समोरचा दात जुळवायचा नाही.

मशीन येते, स्पेक्ट्रोफोटोमीटर. टोक दातावर सपाट टेकवायचं, ते उजळपणा, लाल-हिरवा आणि पिवळा-निळा असे तीन आकडे देते. दोन दातांच्या आकड्यांतून फरक निघतो, तो १.२ असला तर निम्म्या लोकांच्या लक्षात येतो, २.७ ला निम्म्यांना खटकतो. खोलीतल्या उजेडाचा त्याला फारसा त्रास नाही, पण दात सुकलेला असेल तर मशीनही सुकलेलाच रंग सांगणार.

माहेर_यवतमाळ:
मधेच विचारते, आमच्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड होतं, माझ्या दातांवर लहानपणापासून पांढरे-तपकिरी डाग आहेत. मग माझा मूळ रंग कोणता धरायचा? आणि मिस्टर खर्रा (तंबाखू-सुपारी) खातात, त्यांचं काय?

डेंटिस्ट_धरमपेठ:
ताई, तुमचे डाग इनॅमल तयार होतानाच आत बसलेले आहेत, साफ करून जात नाहीत, तोच तुमचा रंग. कॅप करायची झाली तर बाजूच्या दातावरचे ठिपके पाहून तसेच तिच्यात घालावे लागतात. खर्र्याचे डाग बरेचसे वरचे, आधी क्लीनिंग, मग शेड. ब्लीचिंग करणार असाल तर त्यानंतर दोन आठवडे थांबा, रंग स्थिर होऊ द्या. आणि खर्रा सोडायला सांगा त्यांना, रंगासाठी नाही, मी तोंडाचे कॅन्सर पाहते म्हणून सांगते.

मनीषनगरवाला:
सगळ्यांचे खूप आभार. आज सकाळी साडेदहाला आईला परत घेऊन गेलो, डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि खिडकीजवळ खुर्ची ओढून आधी शेडच घेतली. मधे ए३, हिरडीजवळ ए३.५. तीन फोटो काढून कॅप लॅबला पाठवली. मंगळवारी ट्रायल आहे, आणि आई म्हणते गॅलरीतला हात-आरसा मी सोबत नेणार, बाहेर उन्हात पाहीन तेव्हाच सिमेंट लावू देईन.