४१ व्या वर्षी नर्सिंगची असोसिएट डिग्री, पैशाचं गणित जमतंय का? (मदत हवी आहे)

निशिगंध:
नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते. आम्ही न्यू जर्सीत असतो, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, त्याआधी बरीच वर्षं एच-फोरवर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावरचा डिपेंडंट व्हिसा) घरीच होते. पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी केलं होतं पण त्याला आता जमाना झाला. सध्या एका डेकेअरमध्ये असिस्टंट आहे, तासाला १८ डॉलर. पोरं गोड आहेत, काम आवडतं, पण तिथे वर जायला जागाच नाही. नवरा आयटीत, त्याच्या ऑफिसात अधूनमधून कुणाचा तरी बॅज बंद होतो आणि मग आठवडाभर घरात सगळे हळू आवाजात बोलतात. म्हणून दुसरा पक्का पगार हवाय.

कम्युनिटी कॉलेजचा एडीएन, म्हणजे असोसिएट डिग्री इन नर्सिंग, करायचं डोक्यात आहे. दोन वर्षांचा कोर्स, शिवाय आधी प्रीरिक्विझिट्स: अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी एक आणि दोन, मायक्रो, केमिस्ट्री, इंग्लिश, सायकॉलॉजी. ते मी नोकरी करून संध्याकाळी करीन. मग आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स व्हायची परीक्षा एनक्लेक्स-आरएन, जी बीएसएनवालेही (नर्सिंगची बॅचलर्स डिग्री) तीच देतात, लायसन्सही तेच.

माझा हिशोब असा. काऊंटीतल्या रहिवाशांच्या रेटने सगळी फी साधारण १६ हजार, वर पुस्तकं, स्क्रब्ज, लसी, बॅकग्राउंड चेक, ड्रग टेस्ट, सीपीआर कार्ड, ऑनलाइन टेस्टचं पॅकेज, एनक्लेक्सचे २०० डॉलर असं धरून अजून ३ हजार. दोन वर्षं नोकरी सोडली तर बुडणारा पगार जवळपास ७५ हजार. म्हणजे एकूण ९४ हजार, आणि त्यात कॉलेजला जाणारे फक्त १९! मी महिनाभर फी-फी करत बसले होते आणि खरा खड्डा भलतीकडेच आहे. नंतर आमच्या भागात नव्या आरएनला तासाला ३८ च्या आसपास ऐकतेय, आठवड्याला ३६ तास धरले तर वर्षाला ७१ हजार. आत्ताच्यापेक्षा ३३-३४ हजार जास्त. म्हणजे नोकरी लागल्यावर पावणेतीन-तीन वर्षांत वसूल, टॅक्स धरला तर थोडं पुढे.

दुसरा रस्ता म्हणजे माझ्याकडे बीएस्सी आहे म्हणून अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन. एका प्रायव्हेट कॉलेजने १६ महिन्यांचे ६५ हजार सांगितले. तिथली बाई फोनवर इतकी गोड बोलत होती की मला संशयच आला.

तर प्रश्न: या वयात एडीएन करून हॉस्पिटलात घेतात का, की नर्सिंग होममध्येच अडकायला होतं? ग्रँट काही मिळेल का? माझं गणित कुठे चुकतंय? सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं एवढं शिकलीस ती लोकांची भांडी उचलायला?" त्यांना पगाराचा आकडा सांगितला तर दोन मिनिटं लाइनच गेली की काय असं वाटलं. तेव्हा समाज-बिमाज बाजूला ठेवा, पैशाचं बोला.

रात्रपाळी:
मी एडीएन आहे, पेनसिल्व्हेनियात, मेड-सर्जला (मेडिकल-सर्जिकल वॉर्ड). चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असतानाच केलं, त्यामुळे वयाचं मनातून काढून टाक. आमच्या बॅचला माझ्याहून मोठ्या दोघी होत्या आणि इन्स्ट्रक्टर त्यांनाच जास्त मानायच्या.

हॉस्पिटलचं म्हणशील तर ते हॉस्पिटलवर आहे. मोठी युनिव्हर्सिटी हॉस्पिटलं, मॅग्नेटवाली (नर्सिंगच्या दर्जाचं ते एक सर्टिफिकेट), नव्या मुलींत बीएसएनच बघतात किंवा इतक्या वर्षांत बीएसएन करीन असं सही करून घेतात. लहान कम्युनिटी हॉस्पिटलं, रिहॅब, डायलिसिस, नर्सिंग होम, सगळीकडे एडीएन चालतं. माझ्या इथे बीएसएनला तासाला एकच डॉलर जास्त. पण चार्ज नर्सच्या (पाळीची प्रमुख) वर जायचं म्हटलं की बीएसएन लागतंच. ते मी नोकरी करता करता ऑनलाइन केलं, हॉस्पिटलने पैसे दिले. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत कंपनीने शिक्षणाला दिले तर त्यावर टॅक्स नाही, म्हणून बरीच हॉस्पिटलं बरोब्बर तेवढेच देतात. तू एडीएन घेतलंस तर बीएसएनचा खर्च असा दुसऱ्याच्या खिशातून होऊ शकतो, हे तुझ्या हिशोबात नाहीये.

न्यूयॉर्कमध्ये नोकरीचा विचार असेल तर मात्र तिथे २०१७ च्या शेवटी कायदा झालाय, नव्या आरएनने दहा वर्षांत बीएसएन करायचंच. आणि न्यू जर्सी कॉम्पॅक्टमध्ये (स्टेट्सचा आपसातला नर्सिंग लायसन्सचा करार) आहे, म्हणजे तुझं लायसन्स बऱ्याच स्टेट्समध्ये चालेल, पण न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया त्यात नाहीत, तिथे वेगळा अर्ज.

आता जे कुणी सांगत नाही ते. कोर्स अवघड नसतो, कोर्स *सलग* असतो. क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रॅक्टिकलला, पावणेसातला युनिटवर उभं राहायचं, आदल्या रात्री केअर प्लॅन लिहायचा. स्किल्स लॅबमध्ये पुतळ्याला कॅथेटर घालायची परीक्षा असते, स्टराइल ग्लोव्हचं बोट चादरीला नुसतं लागलं की थांबवतात, परत ये. आमच्याकडे ७७ टक्क्यांच्या खाली नापास, आणि दोन विषय गेले की प्रोग्रामच्या बाहेर. बाहेर पडलेल्यांची फीसुद्धा गेली आणि पगारही गेला, तो खड्डा तुझ्या ९४ हजारांत धर. म्हणून जमलं तर आधी सीएनए (नर्सच्या हाताखालची असिस्टंट) कर, फेडरल नियमाने किमान ७५ तासांचं ट्रेनिंग असतं. चार लोकांची अंगं पुसलीस की आपल्याला हे झेपतंय का नाही ते स्वस्तात कळतं.

आकडेमोड:
ताई, ग्रँटबद्दल वाईट बातमी. पेल ग्रँट (फेडरल सरकारची, वर्षाला कमाल ७,३९५ डॉलर) ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं खरं, पण ज्याच्याकडे आधीच बॅचलर्स आहे त्याला नाही, आणि ती डिग्री भारतातली असली तरी ती धरतात. आपल्यातल्या बहुतेक बायका इथेच अडकतात. लोन मिळतं, पण फेडरल लोन वरच्या वर्षांनाही वर्षाला साडेबारा हजारांच्या पुढे जात नाही, म्हणजे ६५ हजारांच्या कोर्सला उरलेलं सगळं प्रायव्हेट लोन, तुमच्या आणि साहेबांच्या क्रेडिटवर. घरात ले-ऑफची टांगती तलवार असताना हे मला नाही पटत.

पण तुमच्या तुलनेत एक गोष्ट सुटलीय. अ‍ॅक्सिलरेटेडवाली ८ महिने आधी कमवायला लागते. ८ महिन्यांचा आरएनचा पगार ४७ हजार. दोन्ही रस्ते दोन वर्षांच्या टोकाला नेऊन बघा: एडीएन उणे १९, दुसरा ६५ वजा ४७ म्हणजे उणे १८. बरोबरीतच! मीही दोनदा करून बघितलं. मात्र लायसन्स आणि नोकरी लागण्यात दोन-तीन महिने सहज जातात, वर टॅक्स, वर व्याज, की मग एडीएन पुढे. आणि एडीएन करताना वीकेंडला काही शिफ्ट्स केल्यात तर आणखी पुढे. १६ महिन्यांच्या कोर्सात ते जवळपास अशक्य.

आणि ३८ डॉलर हा आकडा फार धरून बसू नका, रात्रीचा आणि वीकेंडचा डिफरन्शियल, म्हणजे तासाचा जादा दर, वेगळा असतो. देशभराचा आरएनचा मध्य पगार मे २०२४ ला ९३,६०० होता, पण तो अनुभवी लोकांना धरून आहे, नवीन माणसाने तो समोर ठेवून लोन काढू नये.

कोकणकडा:
वरच्या गोड बोलणाऱ्या बाईवरून आठवलं. कॉलेज कुठलंही असो, तीन गोष्टी बघ: स्टेट बोर्डाची मान्यता, एसीईएनसारख्या नर्सिंग कोर्स तपासणाऱ्या संस्थेचं अ‍ॅक्रेडिटेशन (नसेल तर पुढे बीएसएनला घेताना त्रास), आणि पहिल्या झटक्यात एनक्लेक्स पास होण्याचं प्रमाण. लवकर-लवकर डिग्री देतो म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातलं प्रकरण बाहेर आलं, तीन शाळांनी ७,६०० च्या वर बोगस नर्सिंग डिप्लोमे विकले होते, विकत घेणाऱ्या अनेकांची लायसन्सं गेली.

नवीनच_आले:
मधेच घुसते, सॉरी. मी एच-फोरवर आहे, मला करता येईल का?

आकडेमोड:
शिकता येतं, एफ-वन (स्टुडंट व्हिसा) घ्यायची गरज नाही. पण ईएडी (वर्क परमिट) नसेल तर पास होऊनही नोकरी करता येणार नाही, आणि फेडरल लोन-ग्रँट काहीच नाही. नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेली पिटिशन) मंजूर झालीय का ते आधी बघा, वेगळा धागा काढा, इथे ताईंचं राहून जाईल.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार. पेलचं वाचून पोटात गोळा आला, मी ते मिळणारच धरून नवऱ्याला सांगून मोकळी झाले होते.

अ‍ॅक्सिलरेटेड कटाप. जानेवारीत संध्याकाळची ए-अँड-पी (अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी) एक घेतेय, नोकरी न सोडता, त्यात बी आला तर पुढचं. सीएनएचं पटलं, उन्हाळ्यात बघते. कॉलेजला विचारलं की भारतातलं मायक्रो धरता का, तर म्हणाले इव्हॅल्युएशन करून आणा पण सायन्सचे विषय जुने असतील तर परत करावे लागतील. म्हणजे बहुतेक पेट्री डिश पुन्हा हातात. तेवढं तरी जमेल बहुधा.

एकच राहिलं. एडिसन-पिस्कॅटवेच्या बाजूला कुठल्या कॉलेजात एडीएनचा संध्याकाळ-वीकेंड ट्रॅक आहे का, आणि असला तर क्लिनिकल्स खरंच वीकेंडला देतात की नुसतं वेबसाइटवर? कुणी केलं असेल तर प्लीज इथेच लिहा, त्यावर ७५ हजारांतले किती वाचतात ते ठरणार आहे.

रात्रपाळी:
तिथलं मला माहीत नाही, पण अ‍ॅडमिशन ऑफिसला विचारू नकोस, ते हो म्हणणार. पार्किंगमध्ये स्क्रब्ज घातलेली कुणी दिसली की तिला गाठ. आणि वेटलिस्ट किती लांब आहे तेही तिलाच विचार.