हॅवलॉकचा काळ्या पट्ट्याचा मासा: क्लीनर रॅस की तोतया ब्लेनी?

सागरतळ:
अंदमानातल्या हॅवलॉकला डायव्हिंग करताना १२ मीटर खोलीवर, एका मोठ्या प्रवाळाच्या कडेला बोटभर लांबीचा मासा होता. डोकं पांढरट, शेपटीकडे निळा, तोंडापासून मागे रुंद होत गेलेला काळा पट्टा. सोबतच्या वाटाड्याने, डाइव्हमास्टरने, क्लीनर रॅस सांगितलं, म्हणजे इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारा सफाई मासा. पण जवळ जाताच तो शेपटीकडून भोकात शिरला आणि डोकं बाहेर ठेवून बसला. रॅस असं करतो का? फोटो आहे, पण तिरका.

प्रवाळप्रेमी:
उलटं भोकात शिरून डोकं बाहेर ठेवणं ही ब्लेनीची सवय. माझा कौल रॅसची नक्कल करणाऱ्या ब्लेनीला, आस्पिडोन्टस टीनिएटसला. रंगावर अजिबात जाऊ नका, रंगात दोघे जुळे. फोटो मोठा करून फक्त तोंड बघा. रॅसचं तोंड थुतरीच्या अगदी टोकाला असतं. ब्लेनीची थुतरी पुढे आलेली आणि तोंड तिच्या खाली, शार्कसारखं.

शेजारचे मासेही बघा. खऱ्या सफाईच्या जागी गिऱ्हाईक मासे तोंड आणि कल्ले उघडून स्थिर राहतात, रॅस परजीवी टिपतो. तोतया मुख्यतः नळीकृमींचे तुरे आणि माशांची अंडी खातो, कधीमधी परांचा लचका तोडतो. पण गिऱ्हाईक दचकलं एवढ्यावर निकाल देऊ नका. खरा रॅसही मधेच अंगावरचा श्लेष्मा ओरबाडतो, तेव्हाही मासा दचकतोच.

निळीरेघ:
तिसरा संशयित फँगब्लेनी, रॅसच्या पिल्लाची नक्कल करणारा दुसरा ब्लेनी. रॅसचं पिल्लू काळं, पाठीलगत एकच झळझळीत निळी रेघ. दोन निळ्या रेघा असतील तर फँगब्लेनी. तो सापासारखा अंग वळवत पोहतो, रॅस अंग ताठ ठेवून छातीच्या परांनी वल्हवतो.

सागरतळ:
डोकं पांढरट आणि काळा पट्टा एकच, म्हणजे फँगब्लेनी बाद. तोंड मात्र धूसर आलंय.

प्रवाळप्रेमी:
मग त्याच भोकापाशी परत बघा. दीड मीटरवर थांबा, श्वास संथ ठेवा, पायातल्या फिन वर उचललेल्या असू द्या, नाहीतर गाळ उडेल. मासा बाहेर आला की त्याच्या उंचीवर येऊन बाजूने व्हिडिओ घ्या. फोटोत तोंडाचा नेमका क्षण निसटतो, व्हिडिओतून हवी ती फ्रेम काढता येते. टॉर्च कॅमेऱ्याशेजारून सरळ मारू नका, पाण्यातले कण चमकतात. हात लांब करून बाजूने तिरका धरा.