सोलरला काळी जमीन भाड्यानं द्यावी का? गावातून विरोध आहे

तेरणाकाठ:
नमस्कार मंडळी. धाराशिव जिल्ह्यात आमचं साडेसहा एकर रान आहे, सगळं काळं, खरिपाला सोयाबीन-तूर आणि रब्बीला हरभरा नाहीतर ज्वारी. तेहतीस केव्हीचं सबस्टेशन जवळच आहे म्हणून सोलरवाल्यांचा एजंट मागं लागलाय, पंचवीस वर्षांचा करार, एकरी पन्नास हजार वर्षाला आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. शेजारच्या काहींनी टोकन घेतलंय पण गावातल्या बऱ्याच जणांनी तहसीलला निवेदन दिलं की चांगल्या जमिनीवर प्लेटा नकोत, ग्रामसभेतही बरंच वाजलं. वडील म्हणतात देऊन टाक, आता माझ्याच्यानं होत नाही, आणि मी पुण्यात नोकरीला. विरोधकांचं कुठलं म्हणणं खरं आणि कुठलं नुसतं राजकारण, जरा सांगा. कुणाच्या शिवारात झालं असेल तर तेही लिहा.

हिशोबी_गडी:
एकरी पन्नास म्हणजे सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेचाच (शेतीच्या मोटारींना दिवसा सोलरची लाईट द्यायची योजना) दर झाला की, तिथं हेक्टरी सव्वा लाख आहे. आता सोयाबीनचं बघा, २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये, तो अडतीवर मिळतोय का ते आपल्याला माहितीच आहे. एकरी सात क्विंटल धरा, बी-खत-फवारणी-काढणी वजा करा, मग हातात काय राहतं? वडिलांचं चुकत नाही. फक्त तीन टक्के वाढीला भुलू नका, चक्रवाढ धरली तरी पंचवीस वर्षांनी जेमतेम दुप्पट होतात आणि तोवर किराणा कुठं गेलेला असेल!

खालचं_रान:
मी विरोधातला माणूस आहे, पण सोलरच्या नाही. माझ्या वरच्या अंगाला प्लांट झालाय. त्यांनी जेसीबी लावून जुने बांध मोडले, सगळं रान एका उतारात आणलं, वरून मुरूम टाकून रोलर फिरवला. आधी पाणी बांधाबांधानं थांबत जिरत यायचं, आता प्लेटांच्या खालच्या कडेला जिथं धार पडते तिथं नाल्या पडल्यात आणि सगळं एकदम माझ्याकडं येतं. मोठ्या पावसात बांधाला खिंडार पडलं, तुरीच्या दोन ओळींत नुसता मुरूम येऊन बसला. कंपनीचा माणूस म्हणतो करार तुमच्याशी नाही, मालकाशी बोला, मालक म्हणतो मी भाड्यानं दिलंय कंपनीशी बोला. त्यात तारेच्या कंपाउंडनं बैलगाडीची वहिवाट बंद. तुम्हाला भाडं मिळेल हो दादा, पण शेजाऱ्यांना काय मिळणार ते पण बघा.

लेक_शिवारातली:
आणि ज्यांचा सातबाराच नाही त्यांचं? आमच्या आईसारख्या बाया खुरपणी, काढणीवर घर चालवतात. प्लेटा धुवायला चार पोरं आणि गेटवर एक वॉचमन लागतो, बायांच्या हाताला काम नाही. शेळ्या बांधावर चरायच्या तेही गेलं. आमच्याकडं तर आधी गायरानावरच प्लांट आणायचं चाललं होतं, तेव्हा सगळ्यात पुढं बायाच होत्या. सुप्रीम कोर्टानं २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनी राखा म्हणून सांगितलंय, तो कागद आमच्या पोरांनी सभेत वाचून दाखवला. निवेदन देणारे सगळे राजकारणी नसतात भाऊ.

फीडरवाला:
थोडं उलटं बोलतो, राग मानू नका. रात्री दोनला उठून मोटार चालू करायला जाणारा, साप-बिबट्याच्या भीतीनं काठी आपटत चालणारा शेतकरी पण आपलाच ना? दिवसाची लाईट पाहिजे तर फीडरजवळ, म्हणजे सबस्टेशनातून मोटारींना वीज नेणाऱ्या लाईनजवळ, कुठंतरी सोलर लागणारच, आणि एका मेगावॅटला चार-पाच एकर जातात. लोक विचारतात माळरान सोडून काळ्या रानात का येता. त्याचं कारण असं की सबस्टेशन तिथंच झाली जिथं मोटारी जास्त, म्हणजे बागायतीत, आणि योजनेला जागा सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आतच पाहिजे. जितकं लांब तितका लाईनचा खर्च कंपनीच्या बोकांडी, म्हणून एजंट आधी सबस्टेशनच्या दारातलं रान विचारतो. गावानं स्वतःहून त्याच टापूतली मुरमाड, पडीक गटनंबरं काढून दिली तर भांडण निम्मं मिटेल. पण आमच्याकडं ठराव नुसता ‘विरोध’ एवढाच होतो, पर्याय कुणी देत नाही.

खानदेशी_कट्टा:
कंपनी-सरकारवर विश्वास ठेवायच्या आधी धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे शेतकरी धर्मा पाटील आठवा. जमीन औष्णिक प्रकल्पाला घेतली, पुढं तिथं सोलरचं ठरलं, पाच एकराला चार लाखांच्या आसपास मोबदला, आणि २०१८ ला मंत्रालयात दाद मागायला गेलेल्या म्हाताऱ्यानं तिथंच विष घेतलं, पुढं दवाखान्यात गेला.

फीडरवाला:
ते भूसंपादन होतं, इथं भाडेपट्टा आहे, मालकी सातबाऱ्यावर राहते. दोन्ही एकात कालवू नका.

तेरणाकाठ:
सगळ्यांचे आभार. पाण्याचा मुद्दा डोक्यातच नव्हता, आमच्या खाली चुलत्यांचंच रान आहे. आता विचारायचं ते हे की पाणी आणि रस्त्याचं करारात कसं घालायचं? एजंट म्हणतो फॉरमॅट फिक्स आहे.

खालचं_रान:
फिक्स-बिक्स काही नसतं, जमीन तुमची आहे. मसुदा मराठीत मागा. बांध मोडायचे नाहीत, चर कुठून काढून कुठल्या ओढ्याला सोडणार ते गटाच्या नकाशावर काढून त्यावर सही घ्या, वहिवाट तशीच मोकळी, आणि मुदत संपल्यावर खांब-काँक्रीट उपटून मुरूम उचलायचा खर्च कुणाचा तेही लिहा, त्याची बँक गॅरंटी मागा. कंपनीनं प्लांट दुसऱ्याला विकला तर अटी त्यालाही लागू, हे विसरू नका. आणि चुलत्यांना सांगून ठेवा, पाणी किंवा वाट अडवली तर मामलतदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडं दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. माझे सहा महिने कंपनी की मालक यातच गेले.