चोवीस तासांची मुलगी: नोकरी की वेठ?

सांजवात:
आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एका घरी दोन वर्षांपासून कामाला मुलगी राहते. वय विचारले की मालकीणबाई 'एकोणीस' म्हणतात. मुलगी काहीच म्हणत नाही. पहाटे साडेपाचला दुधाची पिशवी आत घेणारा हात तिचा असतो आणि रात्री साडेअकराला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवणाराही तिचाच. गेल्या महिन्यात लिफ्ट बंद होती तेव्हा जिन्यात तिच्याशी बोलणे झाले. पगार 'तिच्या नावाने जमा होतो', पण कुठे, हे तिला ठाऊक नाही. एजंटाने वडिलांना दिलेली उचल अजून फिटायची आहे. आणि घरची माणसे बाहेर पडली की सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप लागते. मारहाण नाही, जेवण पोटभर, दिवाळीला नवा ड्रेसही मिळाला.

मी याला वेठबिगारी म्हणते, आणि रागाच्या भरात म्हणत नाही. घटनेच्या २३व्या कलमाने वेठीला केलेली मनाई खासगी घरालाही लागू आहे. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये स्पष्ट केले की सक्ती केवळ काठीची नसते. दुसरा पर्यायच नाही म्हणून किमान वेतनाहून कमी पैशांत राबणे हेही सक्तीचेच काम होय. उचलीपोटी हवे तिथे जाण्याचे किंवा दुसरे काम धरण्याचे स्वातंत्र्य गमावणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात बसते. आपल्याला वेठबिगार म्हटले की वीटभट्टी दिसते, चौथा मजला दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

निवृत्त_लेखापाल:
साफ असहमत. आमच्याकडे पंचवीस वर्षांत तीन मुली राहिल्या, त्यांपैकी एकीचे लग्न आम्हीच लावून दिले. परक्या शहरात तरण्या मुलीला काही झाले तर पोलीस दार आमचेच ठोठावणार, म्हणून कुलूप. त्यात गुलामगिरी कसली? घर म्हणजे कारखाना नव्हे, इथे आठ तासांनी भोंगा वाजत नाही. आणि गावी तिची वाट कोण पाहत आहे? सोळाव्या वर्षी लग्न आणि हातात कोयता. आपल्या तक्रारीने मुलगी सुटेल हो, पण सुटून जाईल कुठे?

खोडवा:
कोयत्याचे नाव निघाले म्हणून लिहितो. मी बीडचा, आईवडील ऊसतोडीला जात. मुकादमाची वही मी पाहिलेली आहे. डाव्या बाजूला उचल, उजव्या बाजूला खाडे. आई बाळंत झाली त्या दिवसांचे खाडेही त्यात मांडलेले होते, आणि हंगाम संपला तरी बाकी आमच्याकडेच निघायची. या एजंटाकडेही अशी वही असणारच. काका, आपण तिला मुलीसारखे ठेवत असाल, पण पोटच्या मुलीला कुलूप लावून आपण कधी लग्नाला गेला होता का?

उंबरठा:
मी सांजवातताईंच्या बाजूची असूनही मला 'वेठबिगारी' हा शब्द अडचणीचा वाटतो. कुलूप आणि उचल असलेली घरे त्यात येतील. पण कुलूप नाही, उचल नाही, तरी सोळा तास काम आणि आठवड्याची सुट्टी नाही, अशा घरांचे काय? ते मालक 'आम्ही थोडेच वेठबिगार ठेवतो' म्हणून मोकळे होतील. महाराष्ट्राच्या २००८ च्या घरेलू कामगार कायद्याने कल्याण मंडळ दिले, नोंदणी दिली. कामाचे तास दिले नाहीत. कर्नाटकाने २००४ मध्येच घरकामाला किमान वेतन ठरवले होते. घरकामगारांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाजूने भारताने २०११ मध्ये मत दिले, पण करार मान्य करून स्वतःला बांधून घेतले नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला सांगावे लागले की या कामगारांसाठी कायदा हवा का, हे समिती नेमून तपासा. भांडण तिथे आहे.

सांजवात:
उंबरठा, मान्य, पण तो कायदा येईपर्यंत चौथ्या मजल्यावरचे कुलूप थांबणार नाही. काकांच्या 'जाईल कुठे' या प्रश्नाला उत्तर आहे. वेठबिगारीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे होते, चौकशीत ती खरी ठरली तर मुक्तीचा दाखला मिळतो, उचल कायद्यानेच रद्द होते, आणि २०१६ च्या केंद्रीय योजनेत स्त्रिया व मुलांसाठी दोन लाखांच्या पुनर्वसन साहाय्याची तरतूद आहे. कागदावर आहे ते हातात पडायला किती खेटे पडतात, हे मी वेगळे सांगायला नको. ती एकोणीसची नसून लहान निघाली तर प्रकरण आणखी गंभीर होते, म्हणून आधी तिचे आधार कार्ड पाहायचे आहे. ते मालकीणबाईंच्या कपाटात आहे.

निवृत्त_लेखापाल:
आमच्याकडच्या मुलीचेही माझ्याच कपाटात आहे. हरवू नये म्हणून ठेवले होते. तिने कधी मागितले नाही.

खोडवा:
मागितले असते तर दिले असते का, काका?

निवृत्त_लेखापाल:
कशाला हवे, असे आधी विचारले असते.