मारफान सिंड्रोम: महारोहिणी स्थिर, पण थकवा आणि पाठदुखी हटत नाही. मदत हवी आहे

पारिजात: धाकटा भाऊ, वय ३२, उंची १८८ सेमी. त्याला मारफान आहे, म्हणजे शरीराला आधार देणारी जोडऊती जन्मतः सैल, त्यामुळे महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) फुगून फाटू शकते. एफबीएन१ जनुकातला दोष तपासणीत पक्का झालाय. टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) महारोहिणीचे मूळ ४२ मिमी, दोन वर्षे तेवढेच. सकाळी मेटोप्रोलोल ५०, रात्री लोसार्टन ५०. हृदयाचे डॉक्टर खूश आहेत. पण दुपारनंतर त्याच्या अंगात त्राण राहत नाही आणि कंबर दुखते, आडवे झाले की उतरते. काम दिवसभर संगणकावर. हा थकवा गोळ्यांचा की आजाराचा? व्यायाम कोणता चालेल?

चांदणवेल: आधी एक. मेटोप्रोलोल मनाने बंद करू नका. एकदम सोडल्यास नाडी आणि रक्तदाब उसळतात, आणि याच माणसाला ते परवडणारे नाही.

दोन्ही औषधे रक्तदाब उतरवतात, म्हणून थकवा येतो त्याच वेळी मोजा: पाच मिनिटे आडवे पडून एकदा, मग उभे राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. गोळीची वेळ, मात्रा किंवा औषध बदलता येते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ बघून घ्या. झोपही तपासा. मारफानमध्ये अरुंद टाळू आणि सैल घशामुळे सडपातळ माणसालाही स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास थांबत राहणे) होतो. तो जाड नाही म्हणून कुणी विचारतच नाही. हे सगळे नीट निघाले तरी थकवा उरू शकतो. एको चांगला म्हणजे माणूस ठणठणीत, असे या आजारात नसते.

कवडसा: आडवे झाल्यावर उतरणारे दुखणे म्हटले की ड्यूरल एक्टेशिया आठवावा. मज्जारज्जूभोवतीचे आवरण कमरेत फुगते. कंबरेचा एमआरआय सांगेल. तो निघाला तर फाइलवर ठळक लिहून ठेवा, कारण पुढे कधी पाठीत भूल द्यायची झाली तर ती नीट चढत नाही किंवा नंतर डोकेदुखी मागे लागते.

खुर्चीचेही बघा. नेहमीची सीट ४५ सेमीच्या आसपास असते. एवढ्या लांब पायांना ती बुटकी पडते, गुडघे वर येतात, कंबर गोल होते. सीट ५० सेमीपर्यंत आणि टेबलही ठोकळे लावून तेवढेच वर. मानेचे-पाठीचे कडाकडा मोडून घेणे पूर्ण बंद. सांधे आधीच सैल आहेत, त्यांना ताणायचे नाही, भोवतीचे स्नायू बळकट करायचे. दुखले की आयब्युप्रोफेन नको. रक्तदाब वाढतो, लोसार्टनसोबत मूत्रपिंडावरही ताण. गरज पडलीच तर पॅरासिटामॉल.

चांदणवेल: व्यायाम: चालणे, सपाट रस्त्यावर सायकल, चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने. श्वास रोखून जोर लावणे टाळा: जड वजने, लांब प्लँक, कुंभक, शीर्षासन. बास्केटबॉल आणि कबड्डीही नाही. भरलेला गॅस सिलिंडर जवळपास ३० किलोचा असतो, तो दुसऱ्याने उचलावा. बद्धकोष्ठ राहू देऊ नका, कुंथण्यानेही रक्तदाब चढतो.

पारिजात: अचानक काही झाले तर? आणि मूल हवे असेल तर?

कवडसा: छातीत किंवा पाठीत अचानक, फाटल्यासारखी कळ आली तर अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन वाट बघायची नाही. थेट मोठे रुग्णालय. दारातच सांगा: "मारफान आहे, महारोहिणीचा थर फाटल्याची शंका, सीटी अँजिओ करा." ईसीजी नॉर्मल आला तरी शंका जात नाही. हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले गेले तर घात होतो. हेच वाक्य मराठी-इंग्रजीत लिहून पाकिटात ठेवा. खाली जोडा: सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स नकोत. जुलाब, लघवीच्या जंतुसंसर्गाला ती सर्रास दिली जातात.

मुलाबद्दल: प्रत्येक गर्भारपणात हा आजार मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के. दोष कुठला ते माहीत असल्याने गर्भाची किंवा आयव्हीएफमधल्या भ्रूणाची चाचणी होऊ शकते, पण जनुक सल्लागाराकडे गर्भ राहण्याआधी जा. आई-वडिलांचा आणि तुमचाही एको करून घ्या.