सकाळी पीसी सुरूच होत नाही, दहा-बारा झटके घेतो आणि मग दिवसभर नीट चालतो, मदत हवीये

पाऊलवाट
नमस्कार मंडळी, घरचा डेस्कटॉप गेले तीन आठवडे छळतोय, कुणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा. मशीन सात वर्षं जुनं आहे, कधी काही तक्रार नव्हती. आता सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, पुढचा दिवा लागतो आणि सेकंद-दोन सेकंदात सगळं गप्प. मग आतून बारीक टक्क असा आवाज येतो, आपोआप परत पंखा फिरतो, परत बंद. असं होत होत एकदाचा सुरू होतो आणि सुरू झाला की रात्रीपर्यंत काही म्हणजे काही होत नाही, मधे रीस्टार्ट करून पण बघितला, लगेच येतो. आधी दोन झटक्यांत व्हायचं, मग पाच, आज सकाळी मोजले, चौदा. तोपर्यंत स्क्रीन नुसता काळा.

रॅम काढून परत बसवली, धूळ साफ केली, पॉवर केबल आणि सॉकेट बदलून बघितलं. एका दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो न बघताच म्हणाला मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. मला मशीनचं एवढं नाही हो, पण त्यात बाबांचे फोटो आणि त्यांच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज आहेत, बाबा आता नाहीत आणि याची दुसरी कॉपी कुठेच नाहीये. रात्री शटडाऊन करताना हात थरथरतो. आत्ता चालू आहे, त्यावरूनच लिहितेय.

निळीशाई
ताई, फास्ट स्टार्टअप बंद करून बघा. विंडोज ८ पासून शटडाऊन केलं तरी विंडोजचा गाभा हायबरनेट होऊन डिस्कवर पडून राहतो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून लोड होतं. म्हणून रीस्टार्टला येतो आणि सकाळी अडतो असं होऊ शकतं. माझ्याकडे हेच झालं होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये सापडेल.

साधाबोल्ट
ताई, बाकी सगळं नंतर. मशीन आत्ता चालू आहे ना, मग ते बंद करू नका, एक्स्टर्नल डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह जे मिळेल ते लावा आणि बाबांचे फोटो, रेकॉर्डिंग आधी कॉपी करा. कॉपी झाल्यावर त्यातल्या चार-पाच फाइल दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर उघडून बघा. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आजच कागदावर उतरवून ठेवा, कारण उद्या डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावायची वेळ आली तर ती की मागतो. घाबरू नका मात्र, पीसी सुरू होत नाही म्हणजे डिस्क गेली असं नसतं, तुमच्या लक्षणांवरून डिस्कचा यात संबंध दिसत नाही.

आता दुखण्याकडे. निळीशाई म्हणतात ते खरं आहे पण ते लागू होतं लोगो दिसल्यानंतर अडकलं तर. इथे स्क्रीनवर काही यायच्या आधीच दोन सेकंदात वीज जातेय, तेव्हा विंडोज अजून उठलेलंच नसतं. त्यामुळे फॉरमॅट करायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. पीसी नेमका कुठे थांबतो ते आधी बघायचं, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

माझा संशय एसएमपीएसवर आहे, म्हणजे कॅबिनेटमधला तो डबा जो घरातली वीज पीसीला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देतो. बटण दाबल्यावर एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो आणि ते स्थिर झाले की मदरबोर्डला पॉवर गुड नावाचा सिग्नल देतो, साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदात. तो आला नाही किंवा येऊन गेला की बोर्ड काम सुरूच करत नाही, बंद होतो, परत प्रयत्न होतो. तुमचा तो टक्क आवाज बहुतेक एसएमपीएसमधल्या रिलेचा. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्ट स्थिर ठेवणारे छोटे नळकांड्यासारखे भाग, वर्षानुवर्षं गरम होऊन वाळतात, आणि वाळलेला कपॅसिटर थंड असताना सगळ्यात वाईट वागतो. प्रत्येक झटक्याला तो थोडा थोडा गरम होतो आणि चौदाव्याला जमतं. रीस्टार्टमध्ये एसएमपीएस बंदच होत नाही, म्हणून तिथे अडचण नाही. आणि झटके दिवसेंदिवस वाढत चाललेत हे तर अगदी त्याच वळणाचं आहे.

खात्री करायची तर कुणाकडून तरी चालू एसएमपीएस एका दिवसासाठी मागून आणा. २४ पिनवाला मोठा कनेक्टर लावाच, पण प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनवाला विसरू नका, तो राहिला तर पंखे फिरतील आणि स्क्रीन काळाच राहील आणि तुम्हाला वाटेल बोर्डच गेला. हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडून पंखा फिरवायची टेस्ट लोक सांगतात, त्यावर भरवसा ठेवू नका, लोड नसताना मेलेला एसएमपीएस पण पंखा फिरवतो. आणि हात जोडून सांगतो, एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट शिल्लक असू शकतात.

चांदणवेल
साधाबोल्ट यांच्याशी सहमत, फक्त खर्च करायच्या आधी दोन फुकटातल्या गोष्टी बघून घ्या. घड्याळ आणि तारीख बरोबर दाखवतो का? मागे जात असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय, काही बोर्ड त्यानेही सुरू व्हायला कुरकुर करतात. दुसरं म्हणजे पुढचं बटण. कॅबिनेटच्या बटणाची दोन पिनची वायर बोर्डवरून काढा आणि त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. तसाच सुरू झाला तर बटण अडकतंय. तसं अडकलेलं बटण बहुतेकदा चार सेकंदांनी बंद करतं, तुमच्याकडे दोनच सेकंद आहेत, म्हणून मला ते वाटत नाही, पण एकदा बघा.

पाऊलवाट
सगळ्यांचे खूप आभार. सगळ्यात आधी कॉपी केली, पहाटेपर्यंत चालली, मी शेजारी बसून होते. मग लॅपटॉपवर बाबांचं एक रेकॉर्डिंग उघडलं, आवाज आला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. बिटलॉकरची रिकव्हरी की पण लिहून ठेवली.

घड्याळ बरोबर आहे. पिना जोडून बघितल्या, तसेच झटके, म्हणजे बटण नाही. भावाकडून त्याच्या पीसीचा एसएमपीएस उद्या आणतेय. त्याचा मॉड्युलर आहे, केबल सुट्या निघतात, तर माझ्याच केबल त्याला लावल्या तर चालतील का? आतून ओढून काढायचा कंटाळा आलाय.

साधाबोल्ट
नाही!! ताई, हे मात्र नक्की करू नका. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची पण वेगळी. कनेक्टर बसतो अगदी छान आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जातात. याने हार्ड डिस्क जळतात, तुमच्या बाबांचे फोटो जिच्यात आहेत तीच. एसएमपीएस आणि त्याच्या केबल एकत्रच हलवा, वेळ लागला तर लागू दे.

पाऊलवाट
बरं झालं विचारलं. भावाला त्याच्या सगळ्या केबलसकट आणायला सांगितलं.

तर झालं असं. रात्री त्याचा लावला, मुद्दाम प्लग काढून ठेवला म्हणजे सगळं पूर्ण गार होईल. सकाळी एकदा बटण दाबलं, सुरू. पहिल्याच फटक्यात. मग खात्रीसाठी माझा जुना परत लावून पुन्हा रात्रभर ठेवला आणि सकाळी सतरा झटके. अजून काय पुरावा हवा. डबा उघडला नाही, पण मागच्या जाळीतून टॉर्च मारून बघितलं तर एका कपॅसिटरचं डोकं फुगलंय आणि त्याच्या बुडाशी तपकिरी डाग आहे, बाजूच्यांची डोकी सपाट आहेत.

नवीन एसएमपीएस बसवून आज चौथा दिवस, चारही सकाळी पहिल्या दाबाला. मदरबोर्ड तोच. बाबांच्या फाइलची आणखी एक कॉपी भाऊ त्याच्याकडे घेऊन गेला.

निळीशाई
वा ताई, मनापासून बरं वाटलं. लोगोच्या आधी की नंतर हा फरक मला माहीत नव्हता, माझा सल्ला चुकला, आता पुढच्या वेळी आधी हेच विचारेन.